कंट्रोल रूमची भरती नुसत्या गुणांवर नको

महोदय,

आपत्कालीन मदतीच्या ‘डायल ११२’ला लावलेला फोन आधी नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जातो आणि मग जिल्ह्याच्या पोलीस नियंत्रण कक्षाकडे (कंट्रोल रूम) येतो. गाडी रवाना करणारा माणूस तिथे बसलेला असतो. या जागेवर माणूस घेताना मानसिक चाचणी हवीच. पण कुठून तरी आणलेली प्रश्नपत्रिका वाटून गुण मोजले, तर चांगली माणसे गळतील आणि नको ती आत येतील.

आधी काम जमते का ते पाहावे. त्याला वीस मिनिटांची, कानाने द्यायची परीक्षा पुरते. घाबरलेला आवाज ऐकवायचा, मागे ट्रॅक्टरची धडधड. उमेदवाराने ठिकाण, घटना, जखमी किती आणि फोन नंबर टाइप करायचा. मध्येच दुसरी लाइन वाजवायची आणि पहिल्या फोनमधली एक माहिती बदलायची. चुका ठरलेल्या असतात: एकोणसाठचे एकोणसत्तर होते, पिंपळगाव म्हटल्यावर तालुका विचारायचा राहतो, ‘तांड्याच्या अलीकडं, पांदणीनं’ यातून रस्ता उमगत नाही. उदगीर-देगलूरकडे तर बोलण्यात कन्नड, तेलुगू, दखनी मिसळते. म्हणून आवाज इथल्याच माणसांचे हवेत. स्टुडिओतल्या शुद्ध मराठीने यातले काहीच कळणार नाही.

मनाची तपासणी त्यानंतर, आणि तीही तात्पुरती निवड झालेल्यांचीच. एमएमपीआय-२ या व्यक्तिमत्त्व आणि मानसिक आजाराची लक्षणे तपासणाऱ्या अमेरिकी चाचणीत ५६७ विधाने आहेत, उत्तर बरोबर किंवा चूक असे द्यायचे. अशा चाचणीचा नुसता अनुवाद चालत नाही, इथल्या लोकांवरून तिचे मानदंड, म्हणजे किती गुण सर्वसाधारण मानायचे ते, बसवावे लागतात. अंगात येणे, देवाचा कौल यांविषयी आपल्या खेड्यातला धडधाकट माणूस सहज ‘हो’ म्हणेल आणि परक्या मानदंडावर आजारी ठरेल. उलट ‘मला कधीच राग येत नाही’ अशा उत्तरांवरून खोटेपणा शोधणारी मापेही या चाचण्यांत असतात. नोकरी हवी असलेला प्रत्येक जण थोडे गोड लिहितोच, त्यात क्लासवाल्यांनी पढवलेले वेगळेच. तेवढ्यावरून कुणाला लबाड ठरवू नये; खरे लिहा, असे बजावून चाचणी पुन्हा घ्यावी.

निकाल वाचण्याचे काम भारतीय पुनर्वास परिषदेकडे (आरसीआय) नोंद असलेल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचे आहे. त्याने तासभर समोरासमोर बोलावे: झोप, दारू, रात्रपाळी, घरातला अलीकडचा मृत्यू. निवड समितीकडे फक्त ‘योग्य’, ‘अयोग्य’ किंवा ‘अमुक अटीवर योग्य’ एवढेच जावे. कारण तपशील बाहेर फुटतात हे कळले की पुढचा उमेदवार खरे बोलत नाही.

पूर्वी नैराश्यावर औषध घेतले एवढ्यावरून कुणाला बाद करू नये. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क देतो. उपचार घेऊन सावरलेला माणूस या खुर्चीवर पुष्कळदा अधिक भरवशाचा असतो. हे सगळे नियम जाहिरातीतच छापावेत आणि नाकारलेल्या उमेदवाराला दुसऱ्या तज्ज्ञाकडून फेरतपासणी मागता यावी.

– एक चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, लातूर