आधी टिल्लू मोटारी काढा, मग थेंब मोजू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला 'गृहिणींनो, थेंब थेंब वाचवा' हा अर्ध्या पानाचा मजकूर, दात घासताना नळ बंद करा, शॉवर टाळा असल्या सल्ल्यांचा, दोनदा वाचला. एकदा मी चहा घेताना, आणि एकदा आमच्या ह्यांनी मोठ्यांदा वाचून दाखवला म्हणून. त्यांना तो फार आवडला. दाढी करताना नळ सोडून ठेवू नका, हे वाक्य तेवढं त्यांनी गाळलं.

मजकूर वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण लिहिणाऱ्यांच्या घरी रोज सकाळी नळाला पाणी येत असावं. आमच्याकडे दहाव्या दिवशी सुटतं, तेही पाऊण तास. दात घासताना बंद करायला तो आधी चालू तर हवा! शॉवर आमच्याही न्हाणीत आहे, घर बांधताना हौसेनं बसवला होता. सध्या त्यावर पंचा वाळत असतो.

आणि 'गृहिणींनो'च का? एप्रिलच्या उन्हात दिवसाला दोन-तीन घागरी पिणारा कुलर गृहिणी एकटीसाठी लावत नाही. रविवारी दारात मोटारसायकल धुणारी गृहिणी तर मी अजून पाहिलेली नाही.

घरात पाणी खरंच कुठं वाया जातं, ते तुमच्या मजकुरात नाही. ते मी सांगते, कारण त्यात माझाही हात आहे. नळाला नवं पाणी सुटलं की टिपाडातलं उरलेलं पाणी 'शिळं' म्हणून मोरीत ओतून द्यायचं. अर्धं टिपाड म्हणजे शंभर लिटर. सासूबाईंनी ओतलं, मीही कित्येक वर्षं ओतलं. दहा दिवस पुरवून पुरवून वापरायचं आणि अकराव्या दिवशी एका झटक्यात सांडून टाकायचं, याला काय म्हणावं? आता मी उरलेल्या पाण्यात चादरी भिजवते. कपड्यांचं शेवटचं खळबळलेलं पाणी फरशीला आणि फरशीचं संडासात, हे तर आमच्याकडच्या पोरीबाळींनाही सांगावं लागत नाही. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओच्या मशीनचं मात्र कुणी बोलत नाही. एक लिटर गोड पाणी काढताना ते दोन-तीन लिटर बाहेर टाकतं. त्याची नळी बादलीत सोडली की भांड्यांचं भागतं. तुमच्या मजकुराच्या खाली त्याच मशीनची पाव पान जाहिरात होती, म्हणून हा मुद्दा सुटला असेल.

आणखी एक. तुमच्याच पेपरात महिन्यापूर्वी डेंग्यूवर चौकट होती : आठवड्यातून एक दिवस 'कोरडा दिवस' पाळा, सगळी भांडी रिकामी करून घासून पुसून ठेवा. बरोबर आहे, त्या डासाची अंडी भांड्याच्या कडांना चिकटतात आणि आठ-दहा दिवसांत डास उडायला लागतो. पण नळ दहाव्या दिवशी आणि कोरडा दिवस सातव्या, मग मधले तीन दिवस आम्ही काय प्यायचं? एका पानावर ओता आणि दुसऱ्या पानावर वाचवा. मी टिपाडाला जुनं धोतर नाडीनं घट्ट बांधते, डास आत जात नाही आणि पाणी ओतावं लागत नाही. हे छापायला एक ओळ पुरली असती.

हे सगळं मी लातूरला शिकले. 2015 ते 2017 अशी दोन वर्षं मुलाच्या अकरावी-बारावीसाठी तिथं खोली करून राहिले होते. मांजरा धरण आटलं, पाण्याच्या ठिकाणी भांडणं नकोत म्हणून जमावबंदी लागली, आणि 2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, एकेकीत पन्नास हजार लिटर. पेपरवाल्यांनी तिचे हारतुऱ्यांसकट फोटो काढले. आमच्या खोलीपर्यंत त्यातलं काही थेट आलं नाही. आम्ही टँकरच्या रांगेतले. सहा पोरं, मी आणि दोन टिपाडं. मुलगा अंघोळीला परातीत बसायचा आणि परातीतलं पाणी घरमालकीणबाई त्यांच्या कढीपत्त्याला न्यायच्या. आमच्या वाड्यात कुणी आवाहनं करायला आलं नव्हतं. रांगेत माझ्या पुढं सात घागरी आणि मागं अकरा, हे डोळ्यांना दिसत होतं. त्यामुळे तांब्याभर पाणी सांडलं तरी लाज वाटायची.

आता आमच्या गल्लीची गोष्ट सांगते. कालपासून डोकं तापलंय ते याच्यासाठी.

आमच्या गल्लीत सोळा घरं, आमचं चौदावं. पाणी सुटलं की वरच्या अंगाच्या घरांत एकापाठोपाठ घुर्र घुर्र सुरू होतं. टिल्लू मोटारी! पाणी ओढायच्या छोट्या मोटारी, थेट नळाच्या लाइनीला लावलेल्या. पाइपातलं पाणी खरं तर सोळाही घरांचं, पण ज्याची मोटार आधी त्याची टाकी आधी. आमच्या नळातून नुसती हवा सूं सूं करत येते. लाइन कुठं फुटकी असेल तर ही ओढ गटारीचं पाणीही आत घेते, म्हणून आमच्या पहिल्या दोन बादल्या गढूळ भरतात. तेवढ्यात पाऊण तास संपतो.

वरून तिसऱ्या घरात एक सर राहतात. नाव लिहीत नाही, गल्लीला कळेल. गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात त्यांचं पाणीबचतीवर भाषण होतं. बोलले छान. पाहुण्याला पेला भरून देऊ नका, अर्धा द्या, असं सांगितलं, आणि आम्हा बायकांना वाण म्हणून एकेक प्लास्टिकचा मग वाटला. त्यावर 'जल है तो कल है' लिहिलेलं. मराठी कार्यक्रमात हिंदी का, ते विचारायचं राहून गेलं. कुठल्याशा मंडळानं त्यांना 'जलमित्र' म्हणून शाल-श्रीफळ दिलं, तो फोटो तुमच्याच पेपरात पान चारवर आला होता.

तर या जलमित्रांची गच्चीवरची टाकी दर दहाव्या दिवशी भरून वाहते. चांगली पंधरा-वीस मिनिटं. पाणी भिंतीवरून गटारीत आणि गटारीतून माझ्या दारावरून पुढं. मी पाच माणसांच्या घरात पंचा वाळवायला शॉवर ठेवलाय आणि माझ्या वाट्याचं पाणी माझ्याच दारावरून वाहत चाललंय! गेल्या महिन्यात त्यांनीच वाटलेला तो मग घेऊन त्यांच्या दारात गेले. म्हटलं, सर, टाकी वाहतेय, मोटार बंद करा, खालची घरं कोरडी आहेत. त्यांनी वर बघितलं, मोटार बंद केली आणि हसून म्हणाले, "वैनी, तुम्ही पण बसवा की टिल्लू. कोण नको म्हणलंय?"

मला उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर दहा सुचली.

संपादक साहेब, मी दिवसाला दोन घागरी वाचवल्या तर त्या कुठं जातात, ते तुमचा मजकूर लिहिणाऱ्यांनी आमच्या गल्लीत उभं राहून बघावं. धरणात तर त्या परत जात नाहीत. आपखुशीनं वाचवा म्हणता, वाचवते. मला आवड आहे, सवय आहे, सासरचा आड आटलेला मी पाहिलाय. पण वाचवणाऱ्याचं पाणी ओढून घेणाऱ्याला शाल आणि वाचवणाऱ्याला उपदेश, हे पचत नाही. एकदा 'बंधूंनो, मोटारी काढा' असं अर्धं पान छापा की. पाणी सुटायच्या वेळी त्या भागाची वीज बंद ठेवली तरी काम होतं, काही गावांत तसं करतात. तेवढा पाऊण तास आम्ही कुलरशिवाय काढू.

खरं सांगायचं तर ह्यांनी मागच्या आठवड्यात टिल्लू आणली आहे. खोक्यातच आहे, माळ्यावर. मी म्हटलंय, माझं पत्र छापून येईपर्यंत खाली काढायची नाही. पुढचा नळ गुरुवारी असं व्हॉल्व्हवाला सांगून गेलाय. मृगाला अजून दोन महिने आहेत आणि ह्यांचा धीर माझ्याएवढा नाही.

आपली,
एक वाचक (गृहिणीच), जि. लातूर

ता. क. : रोजच्या धरणसाठ्याच्या चौकटीत खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी पुण्याची चारही धरणं ओळीनं असतात. आमच्या भागातली मांजरा आणि निम्न तेरणा शोधायला मला चष्मा लावून पान नऊवर जावं लागतं. आमच्या आवृत्तीत तरी ते उलटं करा. आणि साठा टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत देता. एक टीएमसी म्हणजे 2,831 कोटी लिटर, हे मुलाला फोन करून विचारावं लागलं.