गाळणी नळाखाली धुऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील परसातल्या तळ्यावरचा लेख मी दोनदा वाचला. खड्डा कसा खणावा, लायनरखाली, म्हणजे खड्ड्यात अंथरायच्या जलरोधक आवरणाखाली, जाड कापड का अंथरावे, पावसाचे वाहते पाणी आत येऊ नये म्हणून काठ किती उंच ठेवावा, हे सारे त्यात नेमके आले आहे. पण शेवटच्या परिच्छेदातील दोन सूचना वाचून राहवले नाही. ‘पाणी भरले की दुसऱ्या दिवशी मासे सोडा’ आणि ‘गाळणीचा स्पंज दर आठवड्याला नळाखाली स्वच्छ धुवा’. चार वर्षांपूर्वी मी हेच केले होते. अकरा गोल्डफिशपैकी चार उरले.

माझे तळे तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि मध्यभागी पाऊण मीटर खोल आहे. लायनर घेताना लांबीत आणि रुंदीत खोलीची दुप्पट मिळवली, शिवाय कडेला दोन्ही बाजूंनी तीस-तीस सेंटिमीटर. ५.१ बाय ४.१ मीटरचा तुकडा बरोबर बसला. गुणाकाराने पाणी ४,५०० लिटर येते, पण आत पायऱ्या असल्याने नळाच्या मीटरवर ३,२०० लिटरच भरले. पंपाच्या खोक्यावर ताशी ३,००० लिटर छापलेले होते. पाणी गाळणीपर्यंत वर चढल्यावर त्यातले किती उरते, हे पाहायला मी बादली आणि घड्याळ घेऊन उभी राहिले. पंधरा लिटरची बादली तीस सेकंदांत भरली, म्हणजे ताशी १,८०० लिटर. दोन तासांच्या आत सगळे तळे एकदा गाळणीतून फिरत होते.

इतके मोजले, पण गाळणीच्या आत काय चालते हे समजून घेतले नाही. घाण अडवणारी जाळी, एवढीच माझी कल्पना होती. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात आणि न खाल्लेले खाद्य कुजून त्यात भर पडते. हा अमोनिया पाण्यात विरघळलेला असतो, तो स्पंजात अडकत नाही. स्पंजावर आणि दगडगोट्यांवर वस्ती करणारे जीवाणू त्याचे आधी नायट्राइट करतात आणि दुसऱ्या प्रकारचे जीवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना विषारी. नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी, आणि वनस्पती ते शोषून घेतात. ही वस्ती बसायला कोमट पाण्यातही चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. मी दुसऱ्याच दिवशी मासे सोडले. तिसऱ्या आठवड्यात तीन मेले. त्यांचे कल्ले लाल नव्हते, तपकिरी झाले होते. नायट्राइटमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती जाते, हे मला नंतर कळले.

पुढे उन्हाळ्यात पाणी हिरवे झाले. गाळणी तुंबली असणार असे समजून मी स्पंज नळाखाली धरला आणि पाणी नितळ येईपर्यंत पिळला. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठीच क्लोरीन घातलेले असते. कित्येक महिन्यांत बसलेली वस्ती मी दहा मिनिटांत धुऊन टाकली. तिसऱ्या दिवशी पहाटे मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून धापा टाकत होते. दोन दिवसांत चार गेले. पाणी हिरवे ते हिरवेच राहिले, कारण ते सूक्ष्म शेवाळ स्पंजात अडकण्याइतके मोठे नसतेच. कमळाच्या पानांनी निम्मे पाणी झाकले आणि मी खाद्य कमी केले, तेव्हा ते हळूहळू निवळले.

आता प्रवाह मंदावला तरच मी स्पंजाला हात लावते. तळ्यातलेच पाणी बादलीत काढून त्यात तो दोनदा हलका पिळते, तोही एका वेळी अर्धाच. ते तपकिरी पाणी झाडांना जाते. पंप रात्रीही बंद करत नाही. प्रवाह थांबला की काही तासांत प्राणवायूअभावी हे जीवाणू मरू लागतात. शिवाय रात्री पाणवनस्पतीही प्राणवायू वापरतात, म्हणून पाण्याची धार पहाटेच सर्वांत गरजेची असते.

माझी विनंती एवढीच की पुढच्या रविवारी या दोन सूचनांची दुरुस्ती लेखाइतक्याच ठळकपणे छापावी. लेख वाचून ज्यांनी मासे सोडलेही असतील, त्यांच्यासाठी चार ओळी जरूर द्याव्यात: खाद्य तूर्त थांबवा. चाचणी संच आणून अमोनिया आणि नायट्राइट तपासा. दोन्हींपैकी काहीही आढळले तर चौथा हिस्सा पाणी बदला. नवे पाणी क्लोरीन काढणारे द्रावण घालूनच ओता, कारण क्लोरीनऐवजी क्लोरामाइन हे त्याचे अधिक टिकाऊ संयुग वापरलेले असेल तर पाणी नुसते दिवसभर ठेवून भागत नाही. आणि स्पंज आहे तसाच राहू द्या.

आपली नियमित वाचक