‘राज्य जिंकले’ एवढे पुरेसे नाही

अमेरिकेतील पक्षांतर्गत निवडणुकीच्या बातम्यांत ‘अमुक राज्य कोणी जिंकले’ एवढेच ठळक छापले जाते. राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मात्र प्रतिनिधींच्या, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडण्यासाठी मत देणाऱ्यांच्या, संख्येवर ठरते.

मार्च 2008 मध्ये मी मुलीकडे टेक्सासला होतो. तिच्या शेजारीणबाईंनी दिवसा मत दिले आणि संध्याकाळी सातनंतर त्या पुन्हा केंद्रावर गेल्या, कारण काही प्रतिनिधी रात्रीच्या सभेतून, म्हणजे कॉकसमधून, निवडले जाणार होते. डेमोक्रॅटिक पक्षाच्या त्या लढतीत दिवसाच्या मतदानात हिलरी क्लिंटन बराक ओबामांच्या पुढे होत्या. अखेरीस प्रतिनिधी मिळाले ओबामांना 99, क्लिंटन यांना 94! रात्रपाळीची नोकरी करणाऱ्याला ते दुसरे मत कुठून देता येणार? ही पद्धत 2016 पासून बंद झाली, ते योग्यच झाले.

मी गणित शिकवत असे, म्हणून हिशेब मांडतो. डेमोक्रॅटिक पक्षात प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटतात. एखाद्या मतदारसंघात चार प्रतिनिधी असतील, तर 60-40 अशा स्पष्ट विजयानंतरही वाटणी दोन-दोनच होते. तिसरा मिळवायला साडेबासष्ट टक्क्यांच्या पुढे जावे लागते. उलट, रिपब्लिकन पक्षाच्या 2016 च्या साउथ कॅरोलिनातील लढतीत ट्रम्प यांनी सुमारे एक तृतीयांश मतांवर सर्व 50 प्रतिनिधी घेतले.

आपण निकाल छापताना शेजारी प्रतिनिधींचा आकडा आणि त्या राज्याचा नियमही द्यावा, ही विनंती.

— एक निवृत्त गणित शिक्षक, सातारा