अर्धा तास वीज गेली तेव्हा
महोदय,

परवा नातवाला १९५१ सालचा ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’ हा इंग्रजी चित्रपट दाखवला. कृष्णधवल म्हणून आधी तो नाक मुरडत होता. मग परग्रहावरून आलेला पाहुणा जगभरची वीज अर्धा तास बंद पाडतो तो प्रसंग आला. गाड्या, कारखाने सगळं ठप्प. दवाखाने आणि उडती विमानं तेवढी वगळलेली. ताटातली शेवभाजी गार झाली तरी पोरगं हललं नाही. “आजोबा, दवाखाने का सोडले?” एवढंच विचारलं. त्या पाहुण्याला माणसं मारायची नव्हती, अण्वस्त्रांबद्दल सावध करायचं होतं. चित्रपट आला तेव्हा हिरोशिमावर अणुबॉम्ब पडून सहाच वर्षं झाली होती. हल्लीच्या स्फोटांच्या सिनेमांनंतर असा प्रश्न त्यानं कधी विचारला नाही. जळगाव-धुळ्याच्या शाळांनी महिन्यातून एकदा तरी असे चित्रपट मुलांना दाखवावेत, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ