आधी झाकण तपासा

महोदय,

गाडीला लावलेल्या स्कॅनरवर ‘पी ०४५५’ हा बिघाडाचा कोड आला की थेट कॅनिस्टर (टाकीतली पेट्रोलची वाफ कोळशात धरून ठेवणारा डबा) बदलायला सांगणं चूक. पेट्रोलची वाफ बरीच गळतेय, एवढंच तो कोड सांगतो. कुठून, ते नाही. आधी टाकीच्या झाकणाचं रबर बोटाने चाचपा, चीर दिसली तर झाकण बदला. मग पर्ज व्हॉल्व्हचा (कॅनिस्टरमधली वाफ इंजिनकडे सोडणारी झडप) वायरचा कनेक्टर आणि कॅनिस्टरकडची नळी काढून इंजिन सुरू करा. व्हॉल्व्हच्या तोंडाशी बोट ओढलं गेलं तर तो उघडाच अडकलाय. शेवटी धुराची चाचणी, म्हणजे नळ्यांत धूर सोडून गळती शोधणं, दाब १ पीएसआयच्या आत. कॉम्प्रेसरची हवा अजिबात नको. व्हेंट व्हॉल्व्ह (कॅनिस्टरला बाहेरच्या हवेशी जोडणारी झडप) एरवी उघडा असतो, तो बंद न करता धूर सोडला तर तिथूनच निघतो आणि निदान फसतं. आणि पंपावर नोझल आपोआप थांबल्यावर ‘राउंड फिगर’साठी पेट्रोल ओतू नका, कॅनिस्टरमधला कोळसा भिजतो.

– एक वाहनदुरुस्ती तंत्रज्ञ, कोल्हापूर