मर्ढेकरांची वीजगाडी आणि बहिणाबाईंचा घरोटा

कोल्हापूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या लेखाचा मसुदा पोचला आणि एका बैठकीत वाचून काढला. नवकवितेने, म्हणजे मर्ढेकरांपासून रुजलेल्या आधुनिक कवितेने, रोजचे जगणे मराठी कवितेत आणले, हे तुझे मुख्य विधान. ते आता इतके रुळले आहे की त्याविरुद्ध बोलणे आगाऊपणाचे वाटावे. तरीही मला ते मान्य नाही. कांदा, मुळा, भाजी सावता माळ्याच्या अभंगात येऊन शतके लोटली, आणि जनाबाईच्या नावावरच्या अभंगांत दळण-कांडण आहेच. तेव्हा वस्तू कवितेत आली की नाही, हा मुळात प्रश्नच नव्हे. आलेल्या वस्तूला कवितेने कुठे बसवले आणि तिच्याकडून काय करवून घेतले, हे पाहायला हवे. आणि आपली बरीचशी समीक्षा तिथवर जाण्याआधीच थांबते.

मर्ढेकरांचेच घे. सकाळी उठून चहा-कॉफी घ्यावी आणि वीजगाडी गाठावी, असे सांगणारी त्यांची कविता तू ‘यांत्रिक शहरी जीवनाचे चित्रण’ म्हणून एका वाक्यात निकालात काढलीस. ती अभंगाच्या छंदात आहे, याचा मात्र उल्लेखही नाही. ‘घ्यावी’, ‘गाठावी’ ही क्रियापदे नित्यनेम घालून देणाऱ्याची आहेत. ‘प्रभाते मनी राम चिंतीत जावा’ असे म्हणून रामदासांनी दिवसाला जे वळण लावले, त्याच उपदेशाच्या सुरात इथे नोकरदाराला गाडी पकडायला सांगितले आहे. सावत्याची भाजी विठाईपर्यंत पोचते. वीजगाडी कचेरीपर्यंतच जाते. अभंगाचा साचा शाबूत आहे, पण ज्याच्यासाठी तो घडला तोच त्यात नाही, आणि कवितेतली धास्ती, तिच्यातला विनोदसुद्धा, या रिकाम्या जागेतून येतो. गाडीचा डबा कितीही हुबेहूब रंगवला असता तरी तो आला नसता.

मर्ढेकरांच्याच दुसऱ्या कवितेतल्या, पिपातल्या उंदरांचीही हीच गत झाली. ते उंदीर म्हणजे नेमके कोण, याचा शोध इतक्या हिरिरीने घेतला गेला की ओल्या पिपात मेलेले उंदीर आधी उंदीर म्हणून अंगावर यावेत, एवढीही सवड कोणी त्यांना दिली नाही.

‘सौंदर्य आणि साहित्य’ या मर्ढेकरांच्या समीक्षाग्रंथामध्ये संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांवर सौंदर्याची उभारणी करणारा सिद्धांतकार आणि उंदीर-पिपांचा कवी एकच कसा, असा प्रश्न तू विचारला आहेस. मला त्यात विसंगती दिसत नाही. अभंगाची चाल आणि वीजगाडी यांच्यातला विरोध हीच तर त्या कवितेची लय आहे.

आता तुझ्या लेखातला मला सर्वांत खटकलेला भाग. मर्ढेकरांच्या ‘आणखी काही कविता’ १९५१ साली आल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बहिणाबाई चौधरी गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी प्रसिद्ध झाली. वर्षभराच्या अंतराने आलेली ही दोन पुस्तके, दोन्हींत ओवी-अभंगाच्या कुळातल्या रचना. पण एकाला नवकवितेचा मान मिळाला आणि दुसऱ्याच्या वाट्याला ‘निरक्षर असूनही केवढी प्रतिभा’ हे कौतुक आले. तूही तेच केलेस. बहिणाबाईंचा तवा आधी हाताला चटके देतो आणि मग भाकर मिळते. संसाराविषयीचा विचार चुलीवरच्या कामाच्या क्रमातच घडला आहे, तो बाहेरून आणून जोडलेला नाही. घरोट्यावरच्या, म्हणजे जात्यावरच्या, त्यांच्या कवितेची लय दळणाऱ्या हाताच्या फेऱ्यातून निघते. मर्ढेकर वस्तूच्या विरुद्ध छंद उभा करतात, बहिणाबाईंना छंद वस्तूतूनच मिळतो. हे दोघांना शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही, आणि शेजारी कोणी ठेवत नाही.

नारायण सुर्व्यांच्या कवितेवरची तुझी पाने चांगली उतरली आहेत, त्यांना हात लावू नकोस. नामदेव ढसाळांबद्दल मात्र ‘दाहक, अस्सल अनुभव’ एवढ्यावर भागणार नाही. त्यांच्या ‘गोलपिठा’ या संग्रहाची प्रस्तावना लिहिताना विजय तेंडुलकरांनी आपल्याला न कळलेल्या शब्दांची निदान प्रामाणिकपणे दखल घेतली, आपण अनुभवाला नमस्कार करून मोकळे होतो. त्या लांब, मोकळ्या ओळीत शिवी आणि भारदस्त ग्रांथिक शब्द एकाच दमात कसे येतात आणि तरीही ओळ का मोडत नाही, हे एखादीच कविता घेऊन, ओळीमागून ओळ दाखव. त्यासाठी तुझ्या लेखाच्या प्रस्तावनेतली चार पाने वगळावी लागली तरी बेलाशक वगळ.

तुझा स्नेहांकित