गाडी बघण्याआधी धर्मकाट्यावर जा

मिनेसोटा, ८ फेब्रुवारी

प्रिय बाळू,
अनेक आशीर्वाद.

होडी, इंजिन, ट्रेलर, सगळ्यांची मापं लिहून पाठवलीस ते बरं केलंस. होडी ओढायला पिकअप घ्यायची तर इसुझूची व्ही-क्रॉस घेऊ, टोयोटाची हायलक्स घेऊ की महिंद्राची बोलेरो कॅम्पर, असं विचारतोस. आधी तुझ्याच आकड्यांची बेरीज कर. सोळा फुटी फायबरची होडी २५० किलो, २५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन ५०, ट्रेलर १८०. पेट्रोल लिटरला पाऊण किलो भरतं, म्हणजे २५ लिटरचे १९. बॅटरी, नांगर, दोर, लाइफ जॅकेट मिळून ६०, ओली जाळी ६०, बर्फाचा डबा ५०. झाले पावणेसातशे किलो. जाळी ओली धरली, कारण परत येताना ती ओलीच असतात, आणि डब्यात तेव्हा मासेही असतील. हा झाला अंदाज. खरं वजन हवं तर ट्रेलर लादून राइस मिलच्या धर्मकाट्यावर ने आणि पावती घे.

इकडचे लोक दोन-अडीच टनांच्या होड्या ओढतात म्हणून त्यांना एवढाले ट्रक लागतात. जाहिरातीत "४,५०० किलो ओढतो" असं लिहिलेलं असतं. तो आकडा ज्या पद्धतीने काढतात त्यात गाडीत माणसं दोनच धरतात, तीही ६८-६८ किलोंची. घरचे सगळे बसले की हिशेब बदलतो. इथे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं, माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल त्याचं. समजा ते ६८० किलो आहे. पाच जणांचे ३४० गेले, मागच्या डाल्यातल्या सामानाचे ८० गेले, उरले २६०. ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा भाग गाडीच्या बॉलवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्यावर येतो आणि तो याच २६० मध्ये बसवावा लागतो. म्हणजे ओढायला मिळाले २,६०० किलो. बाकीचे जाहिरातीतच राहिले. तुझ्याकडे असं स्टिकर नसेल तर कंपनीच्या तक्त्यातल्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा कर. ट्रेलर किती चालतो तेही माहितीपुस्तिकेत बघ. तिथे आकडा नसेल तर शोरूमवाल्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नकोस, लेखी माग.

तुझ्या बॉलवर ६७ किलो यायला हवेत आणि पावणेसातशे किलो ओढायचेत. एवढ्याने या तिन्हींपैकी कुणाचाच दम जाणार नाही. म्हणून ताकदीवरून गाडी निवडू नकोस. तू, वहिनी, दोन पोरं, माय आणि बाबा, मोजून सहा जण होता. डबल कॅबमध्ये पाच बसतात. इथल्या काही ट्रकांत पुढेच तीन जणांचं बाकडं मिळतं, पण ते ट्रक तिकडे मिळत नाहीत. सहाव्याला डाल्यात किंवा होडीत बसवायचा विचारसुद्धा करू नकोस. होडी ट्रेलरवर असताना तिच्यात कुणीही बसायचं नाही, गावातल्या गावातही नाही.

माय-बाबा दर वेळी येणार असतील तर मी स्कॉर्पिओ-एनची सात सीटची डिझेल फोर-बाय-फोर बघेन. ती लॅडर चेसिसवर, म्हणजे ट्रकसारख्या शिडीच्या सांगाड्यावर आहे, लो रेंज (हळू पण जास्त जोराने ओढायचा गिअर) आहे, आणि मागे कॉइल स्प्रिंग असल्याने मायच्या कमरेला बरी पडेल. पिकअपला मागे पाटे असतात. ते ओझ्यासाठी केलेले, त्यामुळे डालं रिकामं असलं की प्रत्येक खड्डा पाठीत बसतो. स्कॉर्पिओत एक सांभाळायचं: तिसऱ्या रांगेतली माणसं आणि बॉलवरचा भार, दोन्ही मागच्या बाजूला येतात. गाडीचं बूड बसतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात आणि पुढची चाकं हलकी होतात. तिसऱ्या रांगेत पोरांनाच बसव, मोठ्यांना नको. जाळी आणि बर्फाचा डबा होडीतच राहू दे, नाहीतर वास महिनाभर जायचा नाही.

माय-बाबा सणावारालाच येणार असतील तर व्ही-क्रॉस ऑटोमॅटिक फोर-बाय-फोर पुरेशी आहे. तिचं १.९ लिटरचं इंजिन ३६० न्यूटन-मीटर टॉर्क देतं. हायलक्सचं २.८ लिटरचं आहे, ऑटोमॅटिकला ५०० देतं, पण पावणेसातशे किलोंसाठी तेवढे पैसे घालू नयेत असं मला वाटतं. दोन्ही गाड्या सव्वापाच मीटरच्या वर लांब आहेत. मागे ट्रेलर लागला की आपल्या बोळातून वळते का, ते दोरी लावून मोजून घे. कॅम्पर धान आणि खताची पोती वाहायला चांगली आहे. घरच्यांना घेऊन पवनीहून नागपूरला जायला मी ती घेणार नाही.

गाडी पाहायला जाशील तेव्हा मायला सोबत ने. मागच्या सीटवर ती हात न देता चढते का, पायदान आहे का, पाठ फार सरळ तर नाही ना, हे तिलाच सांगू दे. मागे तिन्ही जागांना खांद्यावरून येणारे पट्टे पाहिजेत.

ऑटोमॅटिक म्हणते ते काठासाठी. गोसे धरणाच्या पाण्याला आपल्या बाजूला सिमेंटचा उतार नाही. पाणी उतरलं की गाळ उघडा पडतो. होडी ओढून वर येताना मॅन्युअल गाडीत क्लच अर्धा दाबून धरावा लागतो आणि तो तिथेच जळतो. टू-व्हील ड्राइव्ह गाडीची मागची चाकं ओल्यात नुसती फिरतात. पाण्याकडे मागे घेण्याआधीच गाडी थांबवून, न्यूट्रलला आणून लो रेंज लाव. फसल्यावर लावून उपयोग नाही. मामा तलावाच्या (जुन्या मालगुजारी तलावाच्या) पाळीवरून तर गाडी खाली घालूच नकोस, तिथे डोंगाच, म्हणजे छोटी लाकडी होडीच बरी.

आता हिच, म्हणजे ट्रेलर जोडायला गाडीला मागे बसवतात ती जोडणी. गाडीला आधीच मागे जी कडी असते ती फसलेली गाडी ओढून काढायची, ट्रेलरची नव्हे. बंपरला वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हण. हिच चेसिसच्या दोन्ही लांब पट्ट्यांना ८.८ किंवा १०.९ ग्रेडच्या बोल्टांनी कसलेलं पाहिजे. ट्रॅक्टर-ट्रॉलीसारखी पिन नको, तिच्यात खेळ राहतो आणि दर ब्रेकला धक्का बसतो. बॉल घेताना माप बघ, ५० मिलिमीटर आणि दोन इंच (५०.८) दिसायला सारखेच. दोन इंची कपलर (ट्रेलरच्या टोकाची, बॉलवर बसणारी वाटी) ५० च्या बॉलवर ढिला राहतो आणि खड्ड्यात उडू शकतो. बॉलची उंची अशी ठेव की ट्रेलर सपाट उभा राहील. साखळ्या दोन, कपलरखाली फुलीसारख्या, म्हणजे कपलर सुटला तरी रस्त्यावर पडणार नाही. पिकअप घेतलीस तर ट्रेलर जोडून फाळका उघडून पाहा. बऱ्याचदा तो ट्रेलरच्या जॅकवर आदळतो.

बॉलवरचं वजन घरच्या वजनकाट्यावर मोजता येतं. कपलर जोडल्यावर असतो तेवढ्याच उंचीवर लाकडी ठोकळ्यावर ठेवायचा, ठोकळा काट्यावर. ट्रेलर लादलेला आणि सपाट जमिनीवर हवा. तुझं इंजिन होडीच्या शेपटाला आहे, त्यामुळे तीस-पस्तीसच भरायची भीती आहे. एवढं कमी असलं की साठच्या पुढे ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. पेट्रोलची टाकी आणि बर्फाचा डबा पुढे सरकव. तरी भागलं नाही तर विंचचा (होडी दोराने ट्रेलरवर ओढून घ्यायच्या चरकीचा) खांब पुढे घेऊन होडीच पुढे ओढ. रस्त्यात हलायला लागलाच तर ब्रेक मारायचा नाही. पाय उचल, स्टिअरिंग सरळ धर, वेग आपोआप उतरू दे.

इथल्या बऱ्याच राज्यांत १,३६० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. तुझा निम्म्यावर आहे, तरी थांबायला जागा जास्त लागणार. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेव.

ट्रेलर बिघडतो तो बहुतेक बेअरिंगमुळे. चालून तापलेलं हब थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढते. ग्रीस दुधासारखं पांढरं होतं, बेअरिंग गंजतं आणि पुढच्या उन्हाळ्यात रस्त्यावर चाक जाम. काठावर पोचल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांब, तेवढ्यात होडीच्या तळाचं बूच लावलंय का ते बघून घे आणि दिव्यांचा प्लग काढून ठेव. ग्रीस पाण्यात टिकणारं मरीनचं घे. वाटेत थांबशील तेव्हा हबला हात लावून बघ. एक चाक दुसऱ्याहून जास्त गरम लागलं तर तिथेच उघड. दिवे लुकलुकले तर बल्ब बदलत बसू नकोस. अर्थिंग बॉलमधूनच जात असेल, तर वेगळी तार टाकून दे. आपल्या मे महिन्यातल्या उन्हात उभ्या ट्रेलरचे टायर नक्षी शाबूत असतानाच बाजूंनी तडकतात, म्हणून त्यांना झाकून ठेव.

ट्रेलरची नोंदणी आणि विमा वेगळा लागतो. बनवायला टाकण्याआधीच भंडाऱ्याच्या आरटीओत विचार. बनवून झाल्यावर कागद जमवणं फार त्रासाचं.

मागे घ्यायला खळ्यात शिक, काठावर नको. हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धर. ट्रेलरचं बूड ज्या बाजूला न्यायचं त्याच बाजूला हात सरकव, पण थोडा थोडा. आखूड ट्रेलर पटकन दुमडतो. दुमडायला लागला की पुढे घेऊन सरळ कर आणि पुन्हा सुरू कर.

धर्मकाट्याच्या पावतीचा आणि बॉलवरच्या वजनाचा फोटो पाठव. हिच केवढ्या वजनाचं लागेल ते मी त्यावरून सांगते, तोवर कुणाला बयाणा देऊ नकोस. माय-बाबांना नमस्कार, वहिनीला आणि पोरांना आशीर्वाद.

तुझी,
ताई